देशांतरीं वटणारी विद्या : नांदेड-लातूरकडील हुंडी व वाणिज्याची पदवी

मंडळाच्या त्रैमासिकांत वाणिज्याच्या पदवीचा विचार आलेला पाहून कांहीं वाचकांस तो अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच कारण सांगतों. गेल्या वर्षीं लातुराकडील आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या घराण्यांतील दोन रुमाल दाखविण्यास घेऊन आले. त्यांत रोजमेळाचीं सुटीं पानें, खतावणीचे तुकडे आणि चुकत्या झालेल्या कांहीं हुंड्या, म्हणजे पेढीच्या भाषेंत खोके, असा ऐवज होता. सोबत त्यांचा मुलगा होता व त्याच्या हातीं निराळाच कागद होता. तें एका खासगी संस्थेचें माहितीपत्रक होतें. तीन वर्षांची 'आंतरराष्ट्रीय' व्यवसायपदवी इकडेच शिकवून परदेशी विद्यापीठाच्या नांवानें देण्याचें त्यांत आश्वासन होतें. शुल्काचा पहिला हप्ता त्याच महिन्यांत भरावयाचा असून त्यापायीं दोन एकर जमीन काढण्याचें घरांत घाटत होतें. वडिलांनीं आम्हांस मोडी अक्षराविषयीं विचारलें आणि मुलानें पदवीविषयीं. दोघांचें उत्तर एकाच रुमालांत निघालें.

या प्रांतास देशांतरींचा व्यापार नवा नाहीं. लातुरापासून फार दूर नसलेलें तेर तें प्राचीन तगर होय, हें फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें दाखविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक नाविकाच्या वृत्तांतांत भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितलें आहे. तगराहून जाडेंभरडें कापड, मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथें आलेला माल गाड्यांत भरून वाटा नसलेल्या मुलुखांतून भडोचेस जाई, असें तो लिहितो. तेर येथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें पाँपेई येथील मूर्तीशीं साम्य आहे, हें तज्ज्ञांस ठाऊकच आहे. राष्ट्रकूट राजे ज्या लट्टलूर नगराचें स्वामित्व बिरुदांत मिरवीत, तें लातूरच असें बहुतेक विद्वान मानतात. नांदेडचा 'नन्दिकट' हा उल्लेख वाशीमच्या वाकाटक ताम्रपटांत आहे. परंतु या प्राचीनत्वाचा अभिमान वाहण्यांत आमचे लोक जितके तत्पर, तितके त्या गाडीवानांच्या मालकांस कोणती विद्या येत असावी याची चौकशी करण्यांत नाहींत.

ती चौकशी कौटिल्यानें केली आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत पण्याध्यक्षाचें प्रकरण आहे. परराज्यांत माल नेणाऱ्यानें आपल्या मालाची व बदल्यांत मिळणाऱ्या मालाची किंमत ठरवावी, आणि त्यांतून जकात, वाटेचा कर, वाटाड्यांचें व चौक्यांचें देणें, नावेचें भाडें, माणसांचें व जनावरांचें पोट, परकी राजाचा वाटा, हें सर्व वजा घालून मग नफा उरतो कीं नाहीं तें पाहावें, असा तेथील आशय आहे. १९०९ सालीं म्हैसूरास हा ग्रंथ छापला जाईपर्यंत हें प्रकरण विद्वानांच्या दृष्टीआड होतें. पेढीवरचा मुनीम मात्र तेंच गणित रोज करीत होता. तसेंच विज्ञानेश्वराचें. त्यानें मिताक्षरा लिहिली ती कल्याणीस, म्हणजे निलंग्याच्या शेजारच्या मुलुखांत. याज्ञवल्क्याच्या लेख्यप्रकरणांत मूळ लेख परदेशीं राहिला, पुसला, फाटला, जळला किंवा चोरीस गेला तर दुसरा करून घ्यावा असें सांगितलें आहे. कागद आणि तो दाखविण्याचें ठिकाण यांत अंतर पडलें कीं काय करावें, हा प्रश्न धर्मशास्त्रासही चुकला नव्हता.

आतां हुंडीकडे वळूं. संग्राहकांकडे हुंड्या पुष्कळ असतात, परंतु त्या बहुधा अक्षरासाठीं किंवा वरील छापांसाठीं जपल्या जातात. हुंडीचे तीन धनी : लिहिणारा, ज्याच्यावर लिहिली तो, आणि रक्कम घेणारा. दाखवितांच रक्कम द्यावयाची ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं द्यावयाची ती मुद्दती. पतदार सावकारासच देय ती शाहजोग, ज्याचें नांव लिहिलें त्यासच देय ती नामजोग, त्याच्या हुकुमाप्रमाणें देय ती फरमानजोग. रकमेचा आंकडा लिहून पुढें त्याची निमपट व त्या निमपटीची दुप्पट असें पुन्हा लिहीत, कीं कोणी शून्य वाढवूं नये. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ, तीही गेली तर मेजर. आणखी एक कागद असे, जिकरी चिठ्ठी. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्यानें ती न सकारल्यास त्याच गांवच्या दुसऱ्या प्रतिष्ठित गृहस्थानें ती सकारून लिहिणाराची लाज राखावी, अशी विनंती तींत केलेली असे. १८८१ चा परक्राम्य लेखांचा कायदा करितांना इंग्रज सरकारनेंही देशी भाषांतील अशा लेखांविषयींच्या स्थानिक वहिवाटी पहिल्याच कलमांत राखून ठेविल्या.

या सर्व व्यवस्थेचें मर्म एका गोष्टींत आहे. हुंडीचें मोल ती जेथें लिहिली तेथें ठरत नाहीं. जेथें दाखवावयाची त्या पेठेंत ठरतें. कागद सुबक, शिक्का ठळक, अक्षर वळणदार, आणि मुंबईच्या पेढीवर लिहिणाराचें खातेंच नाहीं, अशी हुंडी परत येते.

नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यास हें विशेष कळे, कारण त्याचा जिल्हा सोडला कीं परदेशच लागे. निजामी अमलांत चालती नाणीं दोन, इकडे हाली शिक्का आणि सरहद्दीपलीकडे कलदार. शंभर कलदार रुपयांस हालीचे एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै, म्हणजे सहास सात, हा दर पोराटोरांसही मुखोद्गत असे. शिवाय संस्थानची करोडगिरी निराळी, वर्ष फसली, कचेरीची भाषा उर्दू, वही मोडींत वा महाजनींत, आणि मुंबईच्या आडत्याचें पत्र गुजराथींत किंवा इंग्रजींत. मनमाडहून नांदेडास आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभीं आली; बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोहोंचली आणि गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर बाजार फुगला. कापूस व गळिताचीं धान्यें त्या अरुंद रुळांवरून मुंबईच्या बंदराकडे जाऊं लागलीं. चार भाषा, दोन नाणीं व दोन पंचांगें सांभाळणारा मुनीम कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, पण आंतरराष्ट्रीय व्यापाराचा अभ्यासक्रम त्याच्या बैठकीवरच चालू होता. त्याच्या शिक्षणांतील उणीवही सांगितली पाहिजे. तें बहुधा जातीच्या व नात्याच्या कुंपणांत राही. बाहेरच्या मुलास पेढीच्या गादीजवळ कोण बसूं देणार?

तें कुंपण मोडण्याचें काम पदवीनें केलें, आणि म्हणून पदवीस आम्ही कमी लेखीत नाहीं. मुंबईचें सिडेनहॅम महाविद्यालय १९१३ सालीं निघालें; वाणिज्याचें तसें महाविद्यालय आशियांत पहिलें. त्याच वर्षीं बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. पुढें १९१८ ते १९२० पर्यंत ते त्याच सिडेनहॅममध्यें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं लंडनास प्रबंधासाठीं विषय निवडला तो रुपयाच्या विनिमयाचा, व तो ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. या निवडीकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतों. साहित्य हिंदुस्थानचें, तर्कपद्धति लंडनास मान्य असलेली. म्हणून तो प्रबंध दोन्ही पेठांत वटला.

मराठवाड्यांत मात्र उच्च शिक्षणाची सोय उशिरा झाली. संस्थान असेपर्यंत पदवीच्या इच्छुकास हैदराबाद, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत माध्यम उर्दू. १९४८ च्या मुक्तीनंतर नांदेडास १९५० सालीं पीपल्स कॉलेज निघालें. लातुरास १९६१ त दयानंद व १९७० त राजर्षि शाहू महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चें, आणि नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चें. पुढें लातूर वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं सर्व महाराष्ट्रांत गाजलें. वाणिज्याकडे जाणारा मुलगा तेथें अजून चुकल्यासारखा पाहिला जातो. सोयाबीन व तुरीच्या एवढ्या मोठ्या पेठेंत हें आम्हांस विलक्षण वाटतें. सोयाबीनचा भाव लातुरांत पुकारला जातो, पण त्याची नाडी शिकागोच्या बाजाराशीं व मलायाकडील पामतेलाशीं बांधलेली असते.

माहितीपत्रक घेऊन आलेल्या मुलास आम्हीं खोका पुढें ठेवून हेंच विचारलें. ही पदवी म्हणजे नामजोग हुंडी आहे. तुझ्यावांचून दुसऱ्याच्या कामास येणार नाहीं. लिहिणारा कोण? ज्याच्यावर लिहिली त्या पेठेंत त्याचें खातें आहे काय? न सकारली तर जिकरी चिठ्ठी कोणाच्या नांवें? त्याला मौज वाटली, पण त्यानें तपास केला. परकी विद्यापीठाकडे पत्र लिहितां उत्तर आलें कीं पदवी आमची नव्हे, अभ्यासक्रमाचा कांहीं भाग वापरण्याची परवानगी तेवढी दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेंही डिसेंबर २०२३ मध्यें, आयोगाची मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशीं जोडून दिलेल्या पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहींत असें जाहीर केलें होतें. जमीन राहिली.

मग पुढील विचार झाला. भारत व ब्रिटन यांनीं एकमेकांच्या पदव्या ओळखण्याचा करार जुलै २०२२ त केला. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा अशा धंदेशिक्षणाच्या पदव्या त्यांतून वगळल्या आहेत. वाणिज्याची साधी पदवी वगळलेली नाहीं. ऑस्ट्रेलियाशीं तशी व्यवस्था २०२३ त झाली. जिकरी चिठ्ठ्या त्या याच. म्हणजे नांदेडच्या विद्यापीठाची बी. कॉम. ही, नांव साधें असलें तरी, त्या पेठांत दाखवितां येण्याजोगी हुंडी आहे. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें सोळा वर्षांचें शिक्षण मागतात. तिकडे जावयाचें असल्यास २०२० च्या धोरणानें मोकळा झालेला चौथ्या वर्षाचा मार्ग घ्यावा. व्यवस्थापनाची वरची पदवी परदेशीं घेतांना त्या शाळेस १९१६ ची अमेरिकन संस्था, १९६७ ची लंडनची किंवा १९९७ ची युरोपीय मान्यतापद्धति यांपैकीं कोणाची मान्यता आहे हें पाहावें. हा त्या पेठेंतील शाहजोगपणा. विषय निवडतांना विनिमय, विमा, पतपत्र, जहाजी कागद व लवाद हे प्रथम पाहावे आणि जाहिरातशास्त्र मागाहून. परकी भाषा एक तरी नीट यावी. या शेवटच्या बाबतींत आमचा पक्षपात असेल. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाकडून दुसरें काय निघणार? परंतु मुनीमास चार भाषा येत होत्या हें रुमालच सांगतो.

मुलगा सध्यां लातुरासच बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्गांत असून संध्याकाळीं एका आडत्याकडे बसतो. त्यानें मोडीही धरली आहे. मोडीच्या पहिल्या वाचनांत त्यानें 'निमे' हा शब्द 'नेमे' असा वाचला.

त्या रुमालांत पेठ एक आहे. परपेठ व जिकरी चिठ्ठी नाहीं. नांदेड, लातूर, उदगीर व कंधार येथील पेढ्यांच्या जिकरी चिठ्ठ्या, विशेषतः हाली व कलदार या दोन्ही शिक्क्यांचा उल्लेख असलेल्या, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी विनंती आहे. मूळ कागद मात्र रद्दीवाल्यास देऊं नयेत.