डझनभर जवानांचा भरवसा

१९६२च्या चीन युद्धातल्या पराभवाबद्दल इतकी वर्षं वाचतो आहे, पण सेला किंवा बोमडिलाच्या पाडावापेक्षा मला एका नोंदीने जास्त अस्वस्थ केलं आहे. सप्टेंबर १९६१ मधली, इंटेलिजन्स ब्युरोची: जिथे आपले डझनभर जवान असतात, तिथून चिनी दूर राहतात. हे तोवरच्या वागण्याचं निरीक्षण होतं. दिल्लीने त्याला हमी मानलं.

२ नोव्हेंबरला नेहरूंच्या बैठकीत चौक्या पुढे नेण्याचं ठरलं. त्याच निर्णयात आणखी एक कलम होतं: चौक्यांच्या मागे, रसद पोचेल अशा ठिकाणी मोठं सैन्य ठेवावं. डिसेंबरात लष्करी मुख्यालयातून खाली गेलेल्या आदेशात ते कलम उरलंच नव्हतं! माझ्या मते खरा घात इथे झाला.

जुलै १९६२ मध्ये चिन्यांनी लडाखमधल्या गलवानच्या गुरखा चौकीला वेढा घातला, पण हल्ला केला नाही; अंदाज खरा ठरल्यासारखं वाटलं. ऑगस्टमध्ये पश्चिम विभागाचे लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी लेखी कळवलं, की धोरण हातातल्या बळावर बेतायला हवं. कोणीतरी तेव्हा थांबायला हवं होतं. २० ऑक्टोबरच्या पहाटे ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींच्या तुकड्यांवर तोफा सुटल्या. त्या थंडीत कित्येक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते.

पुढे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत या पराभवाच्या हेंडरसन ब्रुक्स चौकशीचं सार सांगितलं. मूळ अहवाल सरकारने संपूर्ण प्रसिद्ध करावा, असं मला आजही कळकळीने वाटतं.