अभियांत्रिकीकडून गणितीय भौतिकीकडे : डिरॅक व भाभा
अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन नंतर गणितप्रधान विद्याशाखेकडे वळलेल्या शास्त्रज्ञांची परंपरा जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ ओग्यूस्तँ ल्वी कोशी (१७८९–१८५७) हे आरंभी शेर्बूर बंदराच्या बांधकामावर अभियंता होते. विसाव्या शतकात पॉल डिरॅक (१९०२–८४) आणि होमी भाभा (१९०९–६६) यांनी हाच मार्ग अनुसरला. डिरॅक यांनी केंब्रिज येथे भाभांना गणित शिकविले. या दोघांच्या स्थित्यंतराची कारणे मात्र अगदी भिन्न होती.

डिरॅक यांनी १९२१ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात मिळविली. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेधांनंतर सापेक्षता सिद्धांताविषयी सर्वत्र निर्माण झालेल्या कुतूहलाने त्यांनाही आकृष्ट केले होते. तथापि त्यांचे क्षेत्रांतर मुख्यतः परिस्थितीमुळे घडले. युद्धोत्तर मंदीत त्यांना अभियंत्याची नोकरी मिळाली नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची ७० पौंडांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती परंतु तेवढ्यात तेथील खर्च भागण्याजोगा नव्हता. अशा वेळी ब्रिस्टल विद्यापीठाने त्यांना गणिताचा अभ्यास विनाशुल्क करण्याची सवलत दिली. तेथे पीटर फ्रेझर यांच्याकडून त्यांनी प्रक्षेपीय भूमिती आत्मसात केली. १९२३ मध्ये गणिताची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर १४० पौंडांचे शासकीय अनुदान मिळून त्यांचा केंब्रिजचा मार्ग मोकळा झाला. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांनी सापेक्षता सिद्धांताशी सुसंगत असे इलेक्ट्रॉनाचे समीकरण मांडले आणि १९३३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना एर्व्हीन श्रोडिंजर यांच्यासमवेत विभागून मिळाले.

भाभांची अडचण नोकरीच्या अभावाची नव्हती उलट नोकरी जणू त्यांची वाट पाहत होती. मुंबईच्या सधन पारशी कुटुंबात जन्मलेले भाभा १९२७ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीसाठी केंब्रिजला गेले. शिक्षणानंतर त्यांनी जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडील जहांगीर भाभा व आत्या मेहेरबाई यांचे पती सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. भौतिकी हेच आपले कार्यक्षेत्र असल्याचे भाभांनी १९२८ मध्ये वडिलांना पत्राने कळविले. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या पुढील अभ्यासाचा खर्च देऊ, असे वडिलांनी मान्य केले. भाभांनी १९३० मध्ये ही अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही प्रथम वर्गातच दिली. विश्वकिरणांपासून उद्‌भवणाऱ्या इलेक्ट्रॉन-वर्षावाची उपपत्ती त्यांनी व्हाल्टर हाइटलर यांच्यासमवेत १९३७ मध्ये मांडली.

सोडून दिलेले शिक्षण वाया गेले, असे दोघांच्याही बाबतीत म्हणता येत नाही. निसर्गाच्या वर्णनात केवळ काटेकोर समीकरणांनाच मोल असते, ही आपली आरंभीची समजूत अभियांत्रिकीमुळे दूर झाली आणि आसन्न समीकरणांतही सौंदर्य असू शकते हे उमगले, असे डिरॅक यांनी उत्तरायुष्यात नमूद केले. ज्याचे मूल्य एका बिंदूखेरीज सर्वत्र शून्य असते, अशा ‘डेल्टा फलना’ची कल्पनाही त्यांनी अभियांत्रिकी-शिक्षणाशी जोडली. एखाद्या तुळईवर एकाच बिंदूपाशी एकवटलेला भार अभियंत्याला परिचित असतो त्याचेच हे गणिती रूप म्हणता येईल. रूढ व्याख्येनुसार ते फलनच नव्हते तरीही डिरॅक यांनी ते निःशंकपणे वापरले. त्याला काटेकोर गणिती अधिष्ठान लॉरां श्व्हार्ट्‌स यांनी १९४० नंतरच्या दशकात दिले.

भाभांच्या बाबतीत अभियांत्रिकीचा संबंध संस्थांच्या उभारणीत पुन्हा आला. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तिच्यात भौतिकीबरोबर गणितालाही आरंभापासून स्थान होते. त्यांच्याच नेतृत्वाखाली तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. सिद्धांत आणि यंत्रे ही दोन्ही जाणणाऱ्या संचालकाची अशा कार्याला गरज होती.

या स्थित्यंतरात दोघांची बुद्धिमत्ता निर्विवाद असली, तरी केवळ तीच पुरेशी ठरली नाही. गणितासाठी लागणारी जादा दोन वर्षे एकाला विद्यापीठाच्या शुल्कमाफीने मिळाली, तर दुसऱ्याला वडिलांच्या ऐपतीने. असा आधार न लाभल्याने पहिल्याच व्यवसायात राहावे लागलेल्यांची नोंद विज्ञानाच्या इतिहासात सहसा आढळत नाही.