मल्लेश्वरमची दगडी घरे

इ. स. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून घेतलेले बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि पुढे १६६९ मध्ये त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी मल्लापुरच्या मल्लिकार्जुन देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा लेख तेथील शिळेवर कोरला गेला. या मल्लापुरच्या परिसरातच सुमारे सव्वादोनशे वर्षांनी मल्लेश्वरम ही वसाहत आखली गेली. परंतु ती भरभरून वसली, त्यामागे धर्मकृत्याची किंवा वैभवाची प्रेरणा नव्हती, महामारीचे भय होते.

मुंबई आणि पुणे यांना ग्रासणारी प्लेगची साथ १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरास पोहोचली, तेव्हा जुन्या पेठेतील दाट वस्ती, अरुंद बोळ आणि प्रकाशहीन खोल्या हेच रोगाचे खरे आश्रयस्थान आहे, हे म्हैसूर सरकारच्या ध्यानी आले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या अमदानीत प्लेगच्या बंदोबस्ताचा कारभार ज्यांच्याकडे होता, ते व्ही. पी. माधवराव कुंभकोणमच्या देशस्थ मराठी कुळातले होते. पुढे त्यांनी त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी भूषविली. पेठेबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती याच काळात वसल्या: सरळ, रुंद रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस, आणि घरांच्या मागून मैला वाहून नेण्यासाठी स्वतंत्र गल्ली.

या रचनेत घर उभे राहिले ते पायाखालच्या खडकातूनच. बंगळूरचा नाईस खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्याच्या उघड्या पाठीवर लाकडे पेटवून वरचा थर तापवावा, तो फुगून सुटला की पहारीने व सुतकीने त्याच्या लांब फरशा काढाव्यात, ही दगडफोड्यांची परंपरागत विद्या. जोते, खांब, पायऱ्या, क्वचित कुंपणाच्या उभ्या शिळा आणि पुष्कळदा भिंतीही याच दगडाच्या. वर सागवानी तुळयांवर चुन्यात रचलेल्या विटांचे माळवद किंवा मंगळुरी कौले. दर्शनी भागी प्रशस्त ओसरी, आणि खिडक्यांवर उतरत्या लाकडी पट्ट्यांची, ऊन अडवून वारा आत घेणारी टोपी, जिला तेथील लोक ‘मंकी टॉप’ म्हणतात.

तथापि या घराचे मर्म त्याच्या दगडात शोधणे अपुरे ठरेल. दगड उष्णता व भार सहन करतो; रोगापासून रक्षणासाठी योजले होते ते भिंतीभोवतीचे मोकळे आवार, समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहणारा वारा आणि मागील गल्लीने राखलेली स्वच्छता. आज आवारांतून बहुमजली इमारती उठत असता, एखादी दर्शनी भिंत जपून वारसा राखल्याचे समाधान आपण मानतो; पण ज्या नियमाने हे शिल्प घडले तो मोकळ्या भूमीचा नियम होता. म्हणून घराबरोबर त्याचे आवारही संरक्षित झाले पाहिजे, अन्यथा आपण केवळ दगड जपू आणि त्या घरामागचा विचार गमावून बसू.