शालेय पोषण आहार, नागपूर परिसरातील
शाळेतील मुलांना सार्वजनिक निधीतून दिले जाणारे दुपारचे भोजन. मुलांची भूक भागविणे व उपस्थिती वाढविणे हे त्याचे मूळ हेतू होत. आहाराचा समतोल व पर्यावरणावरील भार यांचा विचार पुढे सुरू झाला.

भारतात या उपक्रमाचा आरंभ मद्रास शहरातील नगरपालिका शाळांत १९२०–३० या दशकात झाला. तमिळनाडूत के. कामराज (१९५६) व एम्. जी. रामचंद्रन् (१९८२) यांनी त्याला व्यापक रूप दिले. केंद्रशासनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात प्रारंभी दरमहा तीन किग्रॅ. तांदूळ घरी दिला जाई. तो साऱ्या कुटुंबात वाटला जात असल्याने मुलाच्या वाट्याला त्यातील थोडाच येई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच देण्याचा आदेश दिला. त्यात किमान ३०० कॅलरी व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे ठरविले. पुढे हे प्रमाण प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम असे वाढविण्यात आले.

नागपूर जिल्हा पूर्वेकडील धानाचा व पश्चिमेकडील ज्वारीचा प्रदेश यांच्या सीमेवर आहे. रामटेक, मौदा या भागांत भात हे नित्याचे अन्न; काटोल, नरखेड भागांत पूर्वी ज्वारीची भाकर मुख्य होती. योजनेतील धान्य मात्र प्रामुख्याने तांदूळच असल्याने खिचडी सर्वत्र सारखी झाली. ज्वारीला धानापेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते व तिच्यात पांढऱ्या तांदळापेक्षा लोह आणि तंतू अधिक असतात. तथापि कापूस व सोयाबीन यांच्या प्रसारामुळे विदर्भात तिचे क्षेत्र घटले. केवळ शासकीय सूचनेने ती मुलांच्या ताटात परत येणे कठीण. त्यासाठी स्थानिक खरेदीची हमी लागते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले गेल्यावर या विचाराला चालना मिळाली.

शाळेच्या आवारातील परसबागेतून पालेभाजी व शेवग्याच्या शेंगा वाहतुकीवाचून मिळतात, उरलेल्या अन्नाचे खतही तेथेच वापरता येते. मात्र उन्हाळ्यातील पाणीटंचाई हा तिच्यापुढील मोठा अडथळा होय. चुलीऐवजी गॅस वापरल्यास सरपण वाचते व स्वयंपाकी स्त्रियांचा धुराचा त्रास टळतो.

प्रथिनांचा प्रश्न खर्चाशी निगडित आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यशासनाने आठवड्यातून एकदा अंडे, व ते न खाणाऱ्यांस केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद होऊन हा भार लोकसहभागावर सोपविण्यात आला. ज्या गावांत अंड्याची गरज अधिक, तेथेच लोकवर्गणीची शक्ती कमी असते.