घर सरकारनं दिलं, शेजार आपणच जोडला



दिंडीच्या शंभर वर्षांचा हिशोब मांडताना एक पहाट वगळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. किल्लारीच्या त्या भूकंपानं लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून सुमारे ८,००० माणसं नेली. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं, आता लोहाऱ्यात असलेलं सास्तूर जमीनदोस्त झालं. धरणी हलली खरी. पण जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी अन् माळवदाच्या ओझ्यानं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. घर मिळालं जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. अशानं जुनी गल्ली मोडली. जिच्याकडं विरजण मागायचं, ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. रस्ते रुंद झाले, पण हाकेला ओ देणारं माणूस लांब गेलं.

जी गावं हलवली नाहीत, तिथली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साथीनं महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कसं मिळतं, भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, हे त्यांनी लोकांना समजावलं. साहेबाला विचारायला माणूस बिचकतं, ओळखीच्या बाईला विचारतं. २००१ साली भुजला भूकंप झाला, तेव्हा इकडच्या बाया कच्छात धीर द्यायला गेल्या.

वारकऱ्याला हे नवं नाही. मुक्कामाला पोचलं की मागं कोण राहिलं ते आधी बघायचं, मग भाकरी मोडायची. आपला जिल्हा तेरच्या गोरोबाकाकांचा. कुंभाराला ठाऊक असतं, नुसत्या कोरड्या मातीचं मडकं होत नाही, पाणी लागतं. गावाला ते पाणी म्हणजे एकमेकांचा भरवसा. तो संकटाच्या दिवशी उसना मिळत नाही. आधीपासून जपावा लागतो.

म्हणून एवढंच मागणं. औंदा वारीहून परतलात की गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात आधी जा. प्रसाद द्या, घटकाभर बसा.