पुसलेली बाजू

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असत, प्रत्येक बाजूसाठी एक. रेकॉर्डिंग जपायचे असेल तर तो तुकडा मोडून टाकायचा. मग रेकॉर्डिंगचे बटण दाबलेच जात नसे. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरायला मोकळी. ही विद्या मला नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतल्या एका मोठ्या मुलाने शिकवली. १९९२ साली, नऊ वर्षांचा असताना, मी ती अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कॅसेटवर वापरली.

भरले काय, तर बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’. मित्राच्या भावाकडे डबल डेक होता. माणूस गात नाही, भराभर बोलतो, तरी ते गाणेच असते याचे मला विलक्षण अप्रूप वाटले. शाळेच्या वाटेवर मी दुकानांच्या पाट्या त्याच ठेक्यात वाचत जाई.

माझ्या हाती आलेला माल कितव्या हातचा होता, हे फार पुढे कळले. सेहगलचे गाणे व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरच्या १९९० च्या ‘आइस आइस बेबी’वर बेतलेले. त्यातली बेसची धून ‘क्वीन’ आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’मधली. म्हणजे ज्यांनी हिप हॉप घडवले त्या काळ्या वस्तीतला एकही आवाज माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. पोहोचली होती ती फक्त तऱ्हा.

मूळ वस्ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी एक पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकातून आलेला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झालेला. नाचणारे लोक गाण्याच्या एका तुकड्याची वाट पाहतात हे त्याने हेरले होते: गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो तो तुकडा. तो चार-दोन क्षणांत संपे. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावल्या. एकीवर तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू. त्या लांबवलेल्या तालावर माईकवरून आरोळ्या, नावे, यमके आली. वाद्यवृंद परवडत नव्हता. घरातल्या रेकॉर्ड होत्या, त्यांचेच वाद्य केले.

आता अण्णांच्या कॅसेटकडे येतो. तिच्यावर वस्तीतल्या भीमजयंतीच्या रात्रीचा कार्यक्रम होता. स्थानिक गायन पार्टी, आणि मध्ये सिन्नरकडचे एक म्हातारे जलसेकरी, ज्यांनी तरुणपणी पाठ केलेला एक पूर्ण संवाद म्हणून दाखवला होता. अण्णांनी मला मारले नाही. टेप बंद केला, कॅसेट काढली आणि पुन्हा डब्यात ठेवली. ते म्हातारे पुढच्याच वर्षी गेले. तो संवाद आता कुणालाच पाठ नाही. मी जलशांच्या इतिहासाकडे वळलो त्यामागे अभ्यासाची ओढ कमी आणि ही टोचणी जास्त आहे.

आंबेडकरी जलसा नाशिक जिल्ह्यात चांगलाच रुजला होता. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला मजकूर बदलला. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे पुढे गेले. २ मार्च १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ पर्यंत रेंगाळत चालला. त्या दशकात भीमराव कर्डकांसारखे जलसेकार गावोगाव फिरत होते. ढोलकी, डफ, तुणतुणे, फार तर पेटी. दिवसभर राबलेल्या माणसांपुढे, कंदिलाच्या उजेडात, मेलेले जनावर ओढू नका, वतनाच्या तुकड्यासाठी लाचार होऊ नका, पोरांना शाळेत घाला, हे सवाल-जवाबांतून आणि फार्सांतून सांगितले जाई. सभेला न येणारा माणूस जलशाला येई. पुढचा मोठा आवाज वामनदादा कर्डकांचा. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी, मृत्यू २००४. अक्षरओळख मोठेपणी झालेल्या या माणसाने हजारो गाणी रचली.

हल्ली, विशेषतः २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर, एक वाक्य फार ऐकू येते: रॅप आपल्याकडे होताच, शाहिरी म्हणजे रॅपच. मला हे पटत नाही. त्यात शाहिरीला मोठेपणासाठी अमेरिकेची शिफारस लागते, आणि ब्राँक्सच्या पोरांनी दोन रेकॉर्ड प्लेअरवर केलेली करामतही नाहीशी होते. जलशात झीलकरी असतात. मुख्य गायकाची ओळ ते उचलून धरतात आणि ती सगळ्यांची होते. रॅपर बहुधा एकटा उभा असतो, ‘मी’ म्हणत. नावाचेच पाहा. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ हे नाव सहसा शेवटच्या कडव्यात येते, संतांच्या अभंगात येते तसे, सगळे सांगून झाल्यावर. रॅपर तोंड उघडतानाच स्वतःचे नाव फेकतो. ज्याला कुणी नावाने हाक मारत नाही त्याने आपले नाव तालात बसवून लोकांच्या तोंडी द्यावे, ही गरज मात्र दोन्हीकडची आहे.

आणखी एक साम्य मला माझ्या गुन्ह्यामुळे दिसते. ‘रॅपर्स डिलाइट’ ही गाजलेली रेकॉर्ड आली १९७९ साली. त्याआधीची सहा वर्षे हिप हॉप पार्ट्यांत होते, आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटांवर. जलशांच्या काळात तर कॅसेटही नव्हती. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून निदान काही नोंद राहिली. बाकीचे माणसांच्या छातीत होते आणि माणसांबरोबर गेले.

माझा पुतण्या मोबाईलवर ताल लावून मराठीत रॅप करतो. नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’चा व्हिडिओ आयपॅडवर केला, त्यानंतरची ही पिढी. स्टुडिओवाचून अडत नाही हे तिला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत त्याने ती कॅसेट मागितली. टेपरेकॉर्डर जुन्या बाजारातून आणला, पट्टा बदलून घेतला, बी बाजू लावली. सेहगलच्या कॅसेटची बाजू तीस मिनिटांपेक्षा आखूड होती, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. गाणी संपली, खट्ट झाले, आणि पाठोपाठ जुने रेकॉर्डिंग सुरू झाले: ढोलकी, झीलकऱ्यांची उचललेली एक ओळ, मग गर्दीतून कुणीतरी ओरडले, ‘माईक जरा वर घ्या, मागे ऐकू येत नाही.’ त्या म्हाताऱ्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला, आणि फीत संपली.

पुतण्याने एवढाच तुकडा मोबाईलमध्ये उतरवून घेतला. मी कॅसेट काढली आणि त्या खाचेवरची तेहतीस वर्षांची चिकटपट्टी नखाने खरवडून टाकली.