कागद, काच, पत्रा

पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेचं नाव आहे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. घरातून काय काय गोळा होऊ शकतं, याची यादीच या नावात आली आहे. यातला एकेक जिन्नस संघटनेपेक्षा कितीतरी जुना. घरोघरी तो वेगळा ठेवला गेला तो स्वच्छतेच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला भाव होता म्हणून.

कागदापासूनच सुरुवात करू. पेशवाईच्या काळात जुन्नरचा कागद नावाजलेला होता. तो बनवणारे मुसलमान कारागीर म्हणजे कागदी. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्यांच्याच वस्तीचा. त्यांचा कच्चा माल काय, तर फाटकं गोणपाट आणि जुना कागद. तो भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, कुटून त्याचा लगदा करायचा; साच्यावर पातळ थर उचलून वाळवायचा आणि खळ लावून गुळगुळीत होईपर्यंत घोटायचा. धान्याच्या पोत्यावर पुढे कारकुनाचा बोरू चालायचा, तो असा. 1940 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तिनंही सुती चिंध्यांचाच कागद केला.

वर्तमानपत्रं घरोघर येऊ लागली तसा रद्दीचा धंदा वाढला. रद्दीवाल्याच्या तराजूपुढे सगळे कागद सारखे नसतात. इंग्रजी पेपरचा भाव मराठीपेक्षा चढा, कारण त्याच्या कागदाची प्रत बरी. लिहिलेल्या वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, गुळगुळीत मासिकं वेगळी. भिजलेल्या गठ्ठ्याला तो हातही लावत नाही, कारण पाण्याचं वजन त्याच्या गळ्यात पडतं.

काचेची गोष्ट निराळी. कारखान्यातली बाटली परदेशातून येत होती तोवर रिकामी बाटली ही मालमत्ता होती. तेल, तूप, औषध, सगळ्यांना ती हवी. मुंबईत या व्यापारावरून पारशी घराण्याला ‘बाटलीवाला’ हे आडनाव पडलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांचे मामा आणि पुढे सासरे झालेले फ्रामजी नसरवानजी हे बाटलीवालाच. स्वदेशीच्या लाटेत घरोघरून पैसा पैसा जमवून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला आणि 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा. बाटली इथेच बनू लागली तरी जुनीचा मान गेला नाही. आजही अखंड बाटली नगावर जाते, फुटली की किलोवर. फुटक्या काचेला भाव कमी, पण गिऱ्हाईक असतं. ती भट्टीत मिसळली की नवी काच कमी आचेवर वितळते.

पत्रा आला रॉकेलबरोबर. चौकोनी डबा रिकामा झाला की त्यात पाणी भरलं जाई, धान्य साठे, तुळस लागे. गळायला लागला की कापून, ठोकून, सपाट करून तो झोपडीच्या भिंतीला लागे. तेलाच्या 15 किलोच्या डब्यानं तोच वारसा चालवला.

संघटनेच्या नावात कापड नाही. कापडाची सोय फार आधी लागली होती. लुगडं विरलं की आजीच्या गोधडीत जाई. जे उरे ते बोहारणीकडे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसायची, प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायची आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चालायची. “बाई, आणखी एक प्यांट टाका, मग डबा देते!” बरे कपडे डागडुजी करून जुन्या बाजारात जात, अगदीच गेलेले गॅरेजमध्ये ग्रीस पुसायला. खऱ्या जरीच्या पदराला वेगळं गिऱ्हाईक: तो जाळून त्यातली चांदी काढून घेत.

म्हणजे भाव असलेली प्रत्येक वस्तू घरच्या बाईनं माळ्यावर, पलंगाखाली, दाराआड राखून ठेवली. ज्याला भाव नाही, किंवा ज्यासाठी घासाघीस करायला वेळ नाही, ते सगळं एकत्र होऊन कुंडीत गेलं. कुंडीतून ते वेचून काढायला ज्या बाया उभ्या राहिल्या, त्यात बहुतेक मातंग समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेली कितीतरी कुटुंबं त्यांच्यात होती.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या साक्षरतेचे वर्ग घ्यायला या बायांच्या वस्त्यांत गेल्या. माल कुंडीत मिसळण्याआधी घराघरातच वेगळा मिळाला तर हात कमी घाण होतील आणि भावही बरा येईल, हे तिथे बायांशी बोलताना पुढे आलं. काही सोसायट्यांत तसं सुरूही झालं. मग दारोदार कचरा उचलायला एका खासगी उद्योजकाची गाडी आली आणि बायांच्या पोटावर पाय आला. त्यांनी विरोध केला, गाडी बंद पडली. पण एकेकटीनं भांडून भागणार नाही, हे कळलं. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी उभे राहिले आणि 1993 मध्ये ही पंचायत स्थापन झाली. 1996 मध्ये महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. कार्ड दाखवलं की चोर म्हणून हटकणाऱ्या पोलिसाला उत्तर देता येऊ लागलं.

2000 च्या केंद्रीय नियमांनी घरोघर कचरा गोळा करणं पालिकांवर सोपवलं. 2008 मध्ये पुणे महापालिकेनं या बायांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. इथे व्यवहार उलटा झाला. रद्दीवाला आणि बोहारीण आपल्याला मोबदला देत. आता दरमहा आपण द्यायचं. “कचरा आमचा, तो विकून पैसे यांचे, वर आम्हीच पैसे मोजायचे?” ही कुरकुर सोसायटीच्या बैठकीत हमखास ऐकू येते.

बादली पालथी केली की उत्तर दिसतं. निम्म्याच्या आसपास ओला कचरा. त्याला गिऱ्हाईक नाही. वेफर्सच्या पुडीत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले की सुटे होत नाहीत, तिलाही नाही. डायपर, सॅनिटरी पॅड तर कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून वेगळेच द्यावेत, एवढीच त्या बायांची मागणी. 2016 च्या नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. दरमहाचे पैसे या बिनभावाच्या ओझ्यासाठी आहेत. उरलेल्या थोड्या सुक्या मालाची विक्री ही तिची कमाई. पदपथावर बसून पिशवी चुरगाळत, तिचा आवाज ऐकत, प्लास्टिकची जात ओळखत ती तो निवडते.

या कमाईत भर घालणं घरात बसून जमतं. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण ते चिमुकलं टोक कुणाच्याच हाती लागत नाही. कागद भाजीच्या देठांत टाकू नये. फुटकी काच कागदात बांधून, वर तसं लिहून द्यावी. पैसे आपल्याला मिळत होते तेव्हा हे सगळं आपण कुणी न सांगता करत होतो. आता ते तिला मिळतात, एवढाच फरक आहे.